भाड्यातून हप्ता निघतो का?

श्रोतेहो, नमस्कार. भाड्याच्या उत्पन्नासाठी एक जागा घ्यावी, जमलं तर पुढे दुसरी, तिसरी, असा बेत आपल्या सोलापुरात नोकरदार करतात, दुकानदार करतात, यंत्रमागवालेही करतात. बोलणं बहुतेक वेळा जुळे सोलापूर भागातल्या एखाद्या फ्लॅटवर येऊन थांबतं. कर्ज काढायचं आणि भाड्यातून हप्ता फेडायचा, एवढा तो सोपा हिशेब. आज तो कागदावर मांडून पाहू. आकडे उदाहरणासाठी धरले आहेत, तुम्ही तुमच्या भागातले घाला.

फ्लॅट २५ लाखांचा धरा. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सहा टक्के, म्हणजे दीड लाख. नोंदणी फी एक टक्का, २५ हजार. खरेदी घरातल्या बाईच्या नावावर केली तर मुद्रांकात एक टक्का वाचतो, हे लक्षात ठेवा. रंग, ग्रिल, नळांची कामं मिळून पाऊण लाख. झाले साडेसत्तावीस लाख. भाडं महिना ८ हजार, वर्षाचे ९६ हजार. पण वर्षात एक महिना जागा रिकामी राहणार हे धरूनच चालायचं, म्हणून ८८ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स १४,४००, घरपट्टी ८ हजार, दुरुस्ती ८ हजार वजा करा. उरले ५७,६००. साडेसत्तावीस लाखांवर जेमतेम दोन टक्के.

आता कर्ज. २० लाख, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत: हप्ता १७,३५० च्या आसपास. भाड्यातून महिन्याला उरतात ४,८००. बाकीचे साडेबारा हजार दरमहा तुमच्या पगारातून. जागेचा भाव वाढेल या एकाच आशेवर हा व्यवहार उभा राहतो. असा एक फ्लॅट निभावता येतो. दुसराही याच पद्धतीनं घेतला तर तो आतबट्ट्याचा व्यवहार होतो.

तेवढंच भाडं दुसऱ्या वाटेनं येतं का, ते बघू. स्वतःच्या घरावर ५०० चौरस फुटांत दोन स्वतंत्र वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, काढले, फुटाला १,८०० खर्च धरला, तर ९ लाख. बाहेरून जिना, टाकी, वेगळी वीजमीटरं आणि परवानगीचा खर्च दीड लाख. प्रत्येकी ४ हजार भाडं, म्हणजे पुन्हा ९६ हजारच. रिकामा महिना, वाढीव घरपट्टी ८ हजार आणि दुरुस्ती १२ हजार काढून ६८ हजार उरतात. साडेदहा लाखांवर साडेसहा टक्क्यांच्या जवळ. जमिनीचे पैसे आधीच दिलेले असतात, म्हणून हे गणित बसतं. दोन भाडेकरू असल्यानं एक गेला तरी निम्मं भाडं चालू राहतं, हा फायदा तर फ्लॅटला कधीच नाही.

मात्र मजला चढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. जुन्या पेठांतल्या दगडमातीच्या भिंतींवर स्लॅब टाकायचा नाही. नव्या घरांतही पुढचा मजला करू म्हणून कॉलमच्या सळया गच्चीवर उघड्या सोडलेल्या असतात. काही पावसाळे खाऊन त्यांची साल सुटते, जाडी कमी होते. गंज खरवडून मिस्त्री त्यावरच नवी सळई बांधतो आणि सिमेंटमध्ये सगळं झाकून टाकतो. हे होऊ देऊ नका. आणि बांधकाम परवानगी आधी घ्या. विनापरवाना मजल्यावर बँक कर्ज देत नाही आणि विकताना गिऱ्हाईक मागे फिरतं.

सोलापुरात जागा बघायला आलेला माणूस भाड्याच्या आधी पाणी विचारतो. किती दिवसांनी येतं, किती वेळ येतं? त्यामुळे हौदाचं माप भाड्याइतकंच महत्त्वाचं. चार माणसांचं कुटुंब, माणशी १०० लिटर, म्हणजे दिवसाला ४०० लिटर. पाच दिवसांचा खंड धरला तर २,०००, दोन बिऱ्हाडांना ४,०००. सात फूट लांब, सहा फूट रुंद, साडेचार फूट खोल हौदात ५,३०० लिटर मावतं. तेवढा करा. ड्रेनेजच्या चेंबरपासून तो निदान दहा फूट लांब असावा आणि तोंड जमिनीपेक्षा वर उचललेलं, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात घाण पाणी आत शिरतं. मोटारीचं बिल कोण भरणार हे करारात लिहा. वरच्या मजल्याच्या गच्चीला पांढरा उष्णतारोधक थर द्या. बेचाळीस अंशांत स्लॅब तापला की एप्रिल-मेमध्ये भाडेकरू दुसरी खोली शोधायला लागतो.

आता करार. अकरा महिन्यांचा असेल तर नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम ५५: करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर भाडं किती आणि अटी कोणत्या, याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. खर्च म्हणाल तर लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याच्या कराराला, मुद्रांक पाव टक्का: ८ हजार भाडं, २५ हजार अनामत, अकरा महिने, तरी तीनशे रुपयांत बसतो. नोंदणी फी शहरात हजार. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. भाडेकरू तेलुगू किंवा कन्नड बोलणारा असेल तर अटी त्याच्या भाषेत समजावा, मग सही घ्या. पुढची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

दुसरी जागा कधी घ्यायची? भाड्याचं खातं वेगळं ठेवा. अनामत त्यातही मिसळू नका, ती परत द्यायची रक्कम आहे, मुदतठेवीत टाका. सहा हप्त्यांएवढी शिल्लक त्या खात्यात कायम राहत असेल आणि पहिल्या जागेनं रिकाम्या महिन्यासकट दोन वर्षं काढली असतील, तरच पुढचा विचार करा. मार्जिनची रक्कम, म्हणजे कर्जाव्यतिरिक्त आपण स्वतः घालायचे पैसे, पर्सनल लोन काढून उभी करू नका. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण भाड्याच्या जागेला तेवढं उचललं की पहिल्या महिन्यापासून दम लागतो. आयकरात घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. पण तेवढ्यासाठी जागा घेऊ नये.

शहराच्या कडेला गुंठा-दोन गुंठ्यांचे प्लॉट स्वस्तात मिळतात, नुसत्या नोटरीवर. नोटरीच्या कागदानं मालकी येत नाही. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, त्यावरचे सगळे वारस, जमीन भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे विकण्यावर सरकारी बंधन असलेली, आहे का, इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा) आणि वकिलाकडून तीस वर्षांच्या जुन्या व्यवहारांचा सर्च, एवढं झाल्यावरच इसार द्या. फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, हातात घेऊन बघा. घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिलाची थकबाकी विकणाऱ्याकडून आधी भरून घ्या, खरेदीनंतर ती वसूल करायला तो सापडत नाही.

आणि भाडेकरू जागा सोडेल त्या दिवशी दोघांनी मिळून मीटरचा फोटो काढा, नळ आणि फ्लश चालवून बघा, किल्ल्या मोजून घ्या. शेवटचं वीजबिल वजा करून अनामत त्याच दिवशी बँकेतून परत करा. पुढचा भाडेकरू बहुतेक वेळा जाणाऱ्याच्याच ओळखीतून येतो. नमस्कार.