बझ बार्टन : चौदाव्या वर्षी नायक झालेला काउबॉय

नमस्कार मंडळी. काउबॉयच्या सिनेमात लहान मुलगा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? नायकाच्या मागे मागे फिरणारा, संकटात सापडणारा आणि शेवटी नायकाने सोडवलेला पोरगा. पण १९२७ साली हॉलिवूडमध्ये एक पोरगा चक्क स्वतःच नायक झाला. वय वर्षं चौदा.

पडद्यावरचं नाव बझ बार्टन. खरं नाव विल्यम लॅमोरो, जन्म १९१३चा, मिझुरी राज्यातला. घोड्यावर मांड अशी पक्की, की एफबीओ नावाच्या कंपनीने त्याच्यावर अख्खी मालिका बेतली. पहिला सिनेमा 'द बॉय रायडर'.

ही एफबीओ समजून घ्यायला हवी. १९२६ साली ती जोसेफ केनेडींनी घेतली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींचे हे वडील. हिशेब सरळ होता. थोडक्या पैशांत, झटपट सिनेमे काढायचे आणि गावोगावच्या छोट्या थिएटरांना पुरवायचे. आपल्याकडे ज्यांना स्टंटपट म्हणायचे, त्याच जातकुळीचा माल. बझच्या मालिकेत दिग्दर्शक लुईस किंग, सोबतीला मिशाळ फ्रँक राइस, आणि दोन वर्षांत डझनभर सिनेमे.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. त्याचे केस तांबडे. भूमिकेचं नावही 'रेड', आणि १९२८च्या एका सिनेमाचं नाव 'द फायटिन रेडहेड'. आता हे सिनेमे मूक आणि कृष्णधवल! तांबडा रंग पडद्यावर कधी दिसलाच नाही. पोरांनी तो शीर्षकात वाचला आणि मनातल्या मनात भरून घेतला. गालांवरचे ठिपके मात्र दिसायचे, म्हणून १९२९ साली 'द फ्रेकल्ड रास्कल' आला.

आणि तिथेच गाडी अडली. १९२८च्या अखेरीस एफबीओ आरकेओ या नव्या सिनेकंपनीत विलीन झाली, आणि आरकेओ उभी राहिली होती बोलपटासाठी. तेव्हाचा कॅमेरा आवाज करायचा, म्हणून तो बंद खोक्यात ठेवत. कलाकाराला माइकजवळ खिळून राहावं लागे. उघड्या माळावर घोडा फेकणाऱ्या पोराला त्यात जागा कुठून मिळणार? शिवाय बझ आता सोळाचा होत आला होता. त्या वयात ना धड बालकलाकार, ना धड नायक. माझ्या मते आवाजापेक्षा हेच त्याला जास्त नडलं.

पुढे 'पॉव्हर्टी रो'वरच्या, म्हणजे हॉलिवूडच्या गरीब आळीतल्या कंपन्यांचे सिनेमे, मग दुय्यम आणि किरकोळ भूमिका. १९३५ साली आरकेओने 'पावडरस्मोक रेंज'साठी जुन्या काउबॉयपटांतले चेहरे गोळा केले. हॅरी केरी, हूट गिब्सन, विल्यम डेस्मंड अशी मुरलेली मंडळी. त्या जुन्या खोडांमध्ये बझही होता, तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा. हे वाचलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

अमेरिकेतले सुमारे ७० टक्के मूक कथापट आज पूर्ण नष्ट झालेत. बझचं नाव मात्र भलत्याच ठिकाणी टिकलं. मिशिगनमधल्या डेझी कंपनीने १९३०च्या दशकात मुलांसाठी 'बझ बार्टन' छऱ्यांची बंदूक काढली. बझ १९८० साली गेला. जुन्या वस्तू जमवणारे लोक त्या बंदुका आजही शोधतात, आणि हातात आली की आधी दस्ता उजेडात धरून त्यावरचं नाव वाचता येतंय का ते बघतात.