जूनचा मृग डिसेंबरात का दिसतो? | पुण्याचं आकाश, डिसेंबर 2026

[गच्ची. मागे पाण्याच्या टाक्या. चेहऱ्यावर एकच दिवा.]

मृग नक्षत्र कधी लागतं? जूनमध्ये, बरोबर. 7 नाहीतर 8 जूनला. पेरण्या, छत्र्या, खडकवासल्यात पाणी किती, सगळं तेव्हाच सुरू होतं. आता खरं सांगा, जूनमध्ये आकाशात मृग पाहिलाय कधी? नाही ना? ढग असतात म्हणून नव्हे. आभाळ निरभ्र असतं तरी दिसला नसता.

कारण ‘मृग लागला’ म्हणजे सूर्य मृगात शिरला. सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते त्याच्याबरोबरच उगवतं, त्याच्याबरोबरच मावळतं. सगळा कारभार भर दिवसा! मग थांबायचं सहा महिने. डिसेंबरात सूर्य ज्येष्ठा नक्षत्रापाशी पोचतो, म्हणजे मृगाच्या जवळजवळ समोर. आता इकडे सूर्य मावळला की तिकडे मृग वर. रात्रभर आपलाच.

[हात पूर्वेकडे.]

रात्री 9 वाजता पूर्वेला तोंड करून उभे राहा. एकावर एक ठेवल्यासारखे तीन तारे दिसतील, सारख्या अंतरावर. कोथरूडच्या दिव्यांतूनही दिसतात. तो बाण. त्याच्या भोवतीचे चार ठळक तारे म्हणजे हरणाचे चार पाय. त्यातला तांबूस तो काक्षी, निळसर पांढरा तो राजन्य. बाणाची रेघ खाली क्षितिजाकडे वाढवा, की रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा लागतो, व्याध. बाण मारणारा हाच. तीच रेघ उलटी वर न्या, रोहिणीपाशी जाल. आणखी वर तो कृत्तिकांचा पुंजका. त्यात किती तारे मोजता येतात ते कमेंटमध्ये लिहा. मला आता पाचच दिसतात, पूर्वी सहा दिसायचे. चष्म्याचा नंबर वाढलाय, दुसरं काही नाही.

याच मृगावर पुण्यातल्या एका संपादकाने 1893 साली अख्खं पुस्तक लिहिलं, ‘ओरायन’. संपादक म्हणजे लोकमान्य टिळक. वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य आकाशात जिथे असतो तो बिंदू, एकेकाळी मृगात होता, त्यावरून वेदांचा काळ मागे नेता येतो, असा त्यांचा युक्तिवाद. तो पटो न पटो, केसरी चालवणारा माणूस नक्षत्रांचं गणित करत बसला होता, याची मला गंमत वाटते.

आता महिन्यातली मोठी रात्र. 14 डिसेंबर, सोमवार. मिथुन राशीतला उल्कावर्षाव.

बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीतून होतात. हा मात्र 3200 फेथन नावाच्या एका लघुग्रहाच्या कचऱ्यातून होतो. हा लघुग्रह 1983 मध्ये सापडला. साधारण 1.4 वर्षांत सूर्याला फेरी मारतो आणि त्या फेरीत बुधापेक्षाही सूर्याच्या जवळ जाऊन येतो. दर डिसेंबरात पृथ्वी त्याच्या वाटेवरचा कचरा ओलांडते. ते खडे सेकंदाला 35 किलोमीटर वेगाने वातावरणात घुसतात. इतर काही वर्षावांच्या मानाने हे सावकाश बरं का, म्हणून ‘ती बघ’ म्हणायला वेळ मिळतो.

बातम्यांत ‘ताशी शंभराहून अधिक’ असं येईल. तो आकडा आदर्श काळ्याकुट्ट आकाशाचा. गच्चीवरून तासाला दहा दिसल्या तरी खूश व्हा. यंदा चंद्र मात्र शहाणा आहे. 9 तारखेला अमावास्या झालेली, त्यामुळे 14 ला नुसती कोर, तीही 11 च्या आत मावळणार. आणि उल्कांचा खरा भर मध्यरात्रीनंतर, मिथुन डोक्यावर आल्यावर. आदल्या रात्री, रविवारी गेलात तरी चालेल, पण मी सोमवारची रजा टाकलीय.

कुठे जायचं? पानशेतला गेलात तर पुण्याचा उजेड ईशान्येला पडतो, नेमका मिथुन उगवतो त्या अंगाला. सासवडच्या पुढे गेलात तर तो उजेड पाठीमागे, वायव्येला. मी सासवडच घेईन. फक्त जेजुरीपर्यंत जाऊ नका. 15 ला चंपाषष्ठी आहे, भंडारा उधळायला लोक आदल्या रात्रीपासून जमतील. चटई, दोन ब्लँकेटं, थर्मासमध्ये चहा. दुर्बीण नको, नुसतं पाठीवर पडायचं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात आणि मोबाइल एकदा उघडला की ती सगळी वाया. मागे एका रात्री मीच गाडीतून स्वेटर काढायला दार उघडलं, आतला दिवा लागला आणि आठ जणांच्या शिव्या खाल्ल्या. हो, आणि लुकलुकत संथ जाणारं दिसलं तर ते लोहगावचं विमान.

तिथे आहातच, तर दक्षिणेला अगस्त्य बघा. व्याधानंतर रात्रीचा दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा. पुण्याचा अक्षांश 18.5 अंश, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर. अगस्त्य त्याच्या सर्वांत उंच जागी येतो तेव्हा दक्षिणेला जेमतेम 19 अंशांवर. हात लांब करून दोन मुठी एकावर एक धरा, एवढंच. उत्तरेला ध्रुव, दक्षिणेला अगस्त्य, दोघं जवळजवळ एका उंचीवर! दिल्लीकरांना हे जमत नाही, त्यांचा ध्रुव वर आणि अगस्त्य पार क्षितिजाला टेकलेला.

ग्रह पटकन. संध्याकाळी 7 ला दक्षिणेला उंच शनी. मध्यरात्रीनंतर पूर्वेला सिंह राशीत गुरू आणि लालसर मंगळ, मघाच्या आसपास. पहाटे 5 ला शुक्र, तो शोधावा लागत नाही.

आणि 23 ची रात्र, दत्तजयंती. पौर्णिमेला चंद्र ज्या नक्षत्राजवळ असतो त्यावरून महिन्याचं नाव पडतं, आणि मार्गशीर्ष आला मृगशीर्षावरून. त्या संध्याकाळी दत्ताच्या देवळातून बाहेर पडलात की पूर्वेला बघा. चंद्र मृगाच्या डोक्याच्या बाजूला दिसेल. शिवाय तो नेहमीपेक्षा जवळही असेल, सरासरी 3 लाख 84 हजारांऐवजी साधारण 3 लाख 57 हजार किलोमीटरवर. नुसत्या डोळ्यांना आकारातला फरक कळेलच असं नाही.

[दिव्याकडे हात.]

आता हा बंद करतो. तुम्हाला पुढे काही दिसणार नाही. मला दिसेल.