माकडतापाचं पान

(दृश्य: कणकुंबी, खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा. सकाळ. काजूखालचा पाचोळा, त्यावरून फिरणारा एक हात.)

मार्च लागला की इथली माणसं काजू वेचायला बाहेर पडतात. काही घाट उतरून गोव्यातल्या सत्तरीत, काही सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात. सत्तरीत २०१५ साली माकडताप निघाला, पुढच्या वर्षी दोडामार्गात त्याची साथ आली.

कॅमेरा जवळ नेऊ. हे गोचिडीचं पिल्लू, तिळाहून लहान. चावलं तरी पत्ता लागत नाही. मग अचानक ताप, ठणकणारं डोकं, काहींना रक्तस्राव.

(दृश्य: ओसरी. बीएस्सीला असलेली नात, शेजारी आजी.)

नात विषाणूंच्या संदर्भकोशात ‘माकडताप’ शोधते. काही नाही. कन्नडमधलं ‘मंगन कायिले’ टाकते. तेही नाही. रोमन अक्षरांत ‘क्यासनूर’ लिहिलं, आणि पान उघडलं. शिवमोग्याच्या सोरब तालुक्यातलं हे जंगल. १९५७ मध्ये तिथली माकडं पटापट मरत होती, तेव्हा हा विषाणू सापडला.

नावांचं भांडण आम्हाला नवं नाही. २०१४ मध्ये बेळगावचं बेळगावी झालं, तरी घरात आम्ही बेळगावच म्हणतो. कोशकारांनी मात्र यावर सोपी तोड काढली आहे. विषाणूच्या नोंदीला एक क्रमांक असतो. नाव बदललं तरी क्रमांक तोच, आणि जुनी नावं त्याच्या पोटात. शास्त्रीय नाव आता ‘ऑर्थोफ्लॅव्हिव्हायरस क्यासनूरेन्स’. नावं ठरवण्याचं काम १९६६ पासून एक आंतरराष्ट्रीय समिती करते.

स्वित्झर्लंडच्या ‘व्हायरलझोन’ या संकेतस्थळावर तर विषाणूच्या घराण्याचं चित्रच पाहायला मिळतं. आत आरएनएचा, म्हणजे विषाणूच्या जनुकीय मजकुराचा, एकच धागा, सुमारे अकरा हजार अक्षरांचा. पेशी तो वाचून एकच लांबलचक प्रथिन बनवते, मग त्याचे दहा तुकडे पडतात. तीन विषाणूचं अंग घडवतात, सात त्याच्या प्रती काढायला राबतात. डेंग्यूचंही घराणं हेच, फक्त तिथे वाहक डास. पाचोळ्यात बसलेल्या त्या तिळाच्या पोटात एवढा कारभार!

आजी पडद्याकडे बोट दाखवते. “ह्यात काय लिहिलंय गे?”

“वाहक. म्हणजे कोण पसरवतो ते. गोचीड.”

“आणि माकड?”

“ते बिचारं आपल्यासारखंच आजारी पडतं, आज्जी.”

“मग गोचीडताप म्हणा की.”