रुग्णाच्याच रक्तातून घडवलेलं औषध

[दृश्य : खारघर. अॅक्ट्रेकची इमारत, बाहेर रिक्षांची वर्दळ.]

जून २०२१. टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर इथल्या अॅक्ट्रेक या संशोधन केंद्रात एका रुग्णाला शिरेतून एक पिशवी चढवली गेली. बघणाऱ्याला वाटावं, नेहमीसारखं रक्त देताहेत. पिशवीत होत्या त्याच रुग्णाच्या टी-पेशी; मधल्या काळात प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवलेलं. अशा घडवलेल्या टी-पेशींच्या उपचाराला कार-टी म्हणतात; भारतातला हा पहिला.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली हलणाऱ्या पेशी.]

टी-पेशी या पांढऱ्या पेशींपैकीच. विषाणूची लागण झालेली पेशी हुडकून मारणं हे त्यांचं रोजचं काम. कॅन्सरची पेशी मात्र आपल्याच शरीराची, त्यामुळे ती बरेचदा त्यांच्या नजरेतून सुटते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत झेलिग एशार यांनी टी-पेशीवर अँटिबॉडीचं टोक बसवून पाहिलं. अँटिबॉडीनं पकडायचं, टी-पेशीनं मारायचं. प्रयोगशाळेत हे जमलं. रुग्णाच्या शरीरात मात्र या पेशी टिकेचनात. पुढे त्या टोकाच्या आतल्या बाजूला आणखी एक तुकडा जोडला गेला, पेशीला ‘वाढत राहा’ असा निरोप देणारा, तेव्हा कुठे गाडं हललं. मधली वीसेक वर्षं उंदरांवरच्या आणि फसलेल्या प्रयोगांत गेली. बातम्यांत ती वर्षं सहसा दिसत नाहीत.

[दृश्य : फिलाडेल्फिया शहर. संग्रहित छायाचित्रं.]

एप्रिल २०१२. सहा वर्षांच्या एमिली व्हाइटहेडचा रक्ताचा कॅन्सर दोनदा उलटला होता. नव्या पेशी दिल्यावर तिला एवढा ताप चढला, की व्हेंटिलेटर लावावा लागला. पेशी कामाला लागल्या होत्या, पण त्या झुंजीत शरीरच होरपळत होतं. रक्ततपासणीत इंटरल्यूकिन-६ हे प्रथिन बेसुमार वाढलेलं आढळलं. आता योगायोग बघा : या उपचाराचे प्रमुख संशोधक कार्ल जून यांच्या मुलीला लहानपणापासून संधिवात. त्यामुळे हेच प्रथिन अडवणारं संधिवाताचं औषध, टोसिलिझुमॅब, त्यांना ठाऊक होतं. ते दिलं आणि काही तासांत एमिलीला उतार पडला. आज जगभर कार-टीच्या वॉर्डात हे औषध हाताशी ठेवतात. अमेरिकेनं २०१७ मध्ये या उपचाराला मंजुरी दिली. किंमत ४,७५,००० डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे तीन कोटी रुपये. आपल्याकडे किती जणांना हे परवडणार होतं?

[दृश्य : पवई, आयआयटी मुंबई. प्रयोगशाळेतला इनक्युबेटर, आकडा ३७ अंश.]

पवईला प्रा. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेनं हाच प्रश्न हाती घेतला, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांना सोबत घेऊन. अँटिबॉडीचं ते टोक मुळात उंदराचं. इथे ते माणसाच्या प्रथिनासारखं करून घेतलं, म्हणजे शरीरानं त्याला परकं मानू नये. आणि खर्चाचं मोठं कलम असलेला विषाणू-वाहक बाहेरून न आणता इथेच तयार केला.

हा वाहक एचआयव्हीच्या कुळातला. हो, एड्सवाल्याच. त्याची रोग पसरवण्याची ताकद काढून घेतलेली असते. उरतं फक्त पेशीत शिरून जनुक पोचवण्याचं कसब. रुग्णाच्या रक्तातून यंत्रानं पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, बाकीचं रक्त त्याला परत द्यायचं. टी-पेशींना डिवचून जागं करायचं, वाहकाकरवी नवं जनुक आत घालायचं, मग आठ-दहा दिवस वाढवायचं. रोज मोजणी, जंतुसंसर्गाची तपासणी. एका रुग्णाची बॅच दुसऱ्याला चालत नाही, त्यामुळे बॅच बिघडली की रुग्णाचं सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि हाताशी वेळ तर आधीच कमी.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पवईच्या या उपचाराला, नेक्सकार-१९ला, भारतात मंजुरी मिळाली. खर्च चाळीस लाखांच्या आसपास. स्वस्त म्हणावं असा हा आकडा नाहीच, पण तीन कोटींपुढे घर-जमीन विकूनही हात टेकणाऱ्या घरांचं गणित त्यानं बदललं.

[दृश्य : पेशींचं आरेखन. सीडी-१९ ठळक.]

फुफ्फुस किंवा स्तनाच्या कॅन्सरला हा इलाज अजून तितका लागू पडलेला नाही. याचं एक कारण उघड आहे. बी-पेशी म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी. या टी-पेशी कॅन्सर झालेल्या बी-पेशींवरची सीडी-१९ ही खूण बघून मारतात आणि ती खूण निरोगी बी-पेशींवरही असते. बी-पेशी गेल्या तर माणूस अँटिबॉडीच्या इंजेक्शनांवर निभावून नेतो. फुफ्फुसाच्या निरोगी पेशी मारून कसं चालेल?

उलट जिथे बी-पेशीच वैरी झाल्यात, तिथे हीच अडचण कामाची ठरते. ल्युपस या आजारात बी-पेशी स्वतःच्याच शरीराविरुद्ध अँटिबॉडी बनवतात. जर्मनीत एरलांगनच्या डॉक्टरांनी २०२१ पासून अशा मोजक्या रुग्णांना कार-टी पेशी दिल्या. बी-पेशी साफ गेल्या आणि रुग्णांची औषधं सुटली. काही महिन्यांनी नव्या बी-पेशी रक्तात दिसू लागल्या, पण पहिल्या पाच रुग्णांत तेव्हा आजार काही परतला नव्हता.