तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?

(अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या कोजागिरी मेळाव्यातील भाषण, किंचित संपादित)

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी मला चंद्रावर चार शब्द बोलायला सांगितलंय. मी फुटबॉलवर, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉलवर बोलणार आहे. दूध आटेपर्यंत तुम्हाला जाता येत नाही, त्याचा हा फायदा.

झालं असं, की गेल्या शुक्रवारी आम्ही मुलीच्या हायस्कूलच्या मॅचला गेलो होतो. ती बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. आपल्यापैकी निम्म्या घरांतली पोरं बँडमध्ये आहेत, त्यामुळे पुढचं तुम्हाला माहीत आहे: थर्मासात चहा, डब्यात चकल्या, हाफटाइमला बँडचा व्हिडिओ काढायचा आणि पार्किंगमध्ये गर्दी व्हायच्या आत सटकायचं. चार वर्षांत मी तिसरा क्वार्टर पाहिलेला नाही.

तर हाफटाइमच्या जरा आधी मैदानात काहीतरी गडबड झाली आणि पांढऱ्या जर्सीतलं एक पोरगं चेंडू काखोटीला मारून सुसाट सुटलं. साठेक यार्ड. मी उभा राहिलो, दोन बोटं तोंडात घालून आमच्या चाळीतली ती खास शिट्टी मारली. आजूबाजूला चिडीचूप. शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग चकलीच्या डब्याकडे पाहिलं.

पांढरे म्हणजे पाहुणे. हायस्कूलमध्ये यजमान संघ गडद कपडे घालतो. पण आम्ही कसोटी क्रिकेटवर वाढलेले, पांढरं दिसलं की आपलं. आपल्या पोराच्या हातून चेंडू निसटला होता, त्याला फंबल म्हणतात, आणि जो उचलेल त्याचा तो.

घरी येताना गाडीत मुलगी म्हणाली, "बाबा, मैत्रिणी विचारत होत्या. तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?"

मला रात्रभर झोप लागली नाही. उठून नियम वाचले. ज्या मैदानावर माझी पोर चार वर्षं वाजवतेय, तिथे काय चालतं हे अमेरिकेतल्या बावीस वर्षांत मी कुणाला विचारलं नव्हतं. आणि मंडळी, हा खेळ आपल्याला कळायला अवघड नाहीच. आपण त्याला सॉकरच्या नाहीतर क्रिकेटच्या डोळ्यांनी बघतो, तिथे फसतो. कबड्डीच्या डोळ्यांनी बघा.

चढाई, पकड, शिट्टी, पुन्हा जागेवर. हेच. दोन्हीकडे अकरा-अकरा. ज्याच्या हातात चेंडू तो चढाईला, त्याला लोळवला की खेळ थांबला. या एका चढाईला डाउन म्हणायचं. अशा चार डाउनमध्ये १० यार्ड पुढे जायचं. दहा यार्ड म्हणजे किती? आपली खेळपट्टी बावीस यार्डांची, तिच्या निम्म्याहूनही कमी! तेवढ्यासाठी ही धिप्पाड पोरं जिवाचं रान करतात. दहा झाले की पुन्हा नवे चार. शंका आली तर दोन काठ्यांना बांधलेली दहा यार्डांची साखळी घेऊन माणसं मैदानात येतात आणि सातबाऱ्यावरच्या वादासारखं चक्क मोजतात. तिसऱ्या डाउनलाही अंतर उरलं, तर चौथ्याला बहुतेकदा चेंडू लाथेने लांब भिरकावून देतात. आपल्या दारात द्यायचा, त्यापेक्षा त्यांच्या दारात नेऊन टाकायचा.

पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, सहा गुण. नाव टचडाउन, पण जमिनीला टेकवायची गरज नाही. त्यानंतर चेंडू लाथेने टोकाच्या दोन खांबांमधून मारला तर आणखी एक. लाथेऐवजी जोखीम घेऊन पुन्हा आत घुसलात तर दोन. तिथवर पोचत नाही असं दिसलं तर लांबूनच खांबांमधून मारायचा, तीन गुण. चेंडूवाल्याला त्याच्याच पट्ट्यात लोळवलं, तर समोरच्यांना दोन. चेंडूवाल्याच्या साथीदारांनी समोरच्यांना अंगाने अडवायचं, धरायचं नाही. धरलं की पिवळा रुमाल पडतो, १० यार्ड मागे.

आणि ते घोळका करून कुजबुजतात ना, त्यात पुढची चाल ठरते. चाळीस सेकंदांत अकरा जणांचं एकमत. आपल्या कार्यकारिणीने बासुंदी की श्रीखंड यावर तीन बैठका घेतल्या.

थोडं रागावतो आता, चालेल ना? १९२० साली एनएफएल, म्हणजे या खेळाची व्यावसायिक लीग, ओहायोतल्या कॅन्टन गावात एका मोटारींच्या शोरूममध्ये जन्मली. आपल्यापासून दोन तासांवर. आपण नायगाराला किती वेळा गेलो? माझे अकरा झाले. प्रत्येक आई-बाबांना, प्रत्येक आतेभावाला. वाट वाकडी करून कॅन्टनला कोण गेलंय, हात वर करा. बघा. आणि शनिवारी ओहायो स्टेट विद्यापीठाची मॅच असली की कार्यक्रमाला मुलं येत नाहीत म्हणून आपणच तक्रार करतो. तारीख आपण ठरवतो, वेळापत्रक त्यांचं वर्षभर आधी लागलेलं असतं.

हे सगळं मी रविवारी जेवताना मोठ्या उत्साहाने घरात सांगितलं. चूक झाली. धाकट्याने दप्तरातून फॉर्म काढला. सातवीत आहे. त्याला बँड नको, टीममध्ये जायचंय.

बायको म्हणाली, नाही म्हणजे नाही. हेल्मेट कवटी वाचवतं, आत मेंदू हलतो त्याचं काय? तिचं खरं आहे. त्या काळी या खेळात इतकी पोरं मरायची, की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी नियम बदलले, चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली ती तेव्हा. खेळ मोकळा झाला, पण डोकी अजून आपटतातच. मी म्हटलं, मी पण कबड्डी खेळायचो. ती म्हणाली, हो, आणि कोपर मोडल्यावर आईंना सांगितलंस जिन्यावरून पडलो.

धाकटा माझ्याकडे बघतोय, बायको माझ्याकडे बघतेय. आणि तिने नेमकं तेच विचारलं, जे मुलीने गाडीत विचारलं होतं.

फॉर्म फ्रिजवर आहे. मी रोज दूध काढताना वाचतो. सहीची जागा खाली उजवीकडे, आईवडिलांपैकी एकाची चालते.

चला, दूध आटलेलं दिसतंय. पुढच्या शुक्रवारी सात वाजता मॅच आहे. आपले गडद निळे.