कोअरच्या पेटीतली मोकळी जागा

नमस्कार, श्रोतेहो.

सातपुड्याच्या पायथ्याला ड्रिलिंगचं यंत्र उभं राहिलं, की दोन दिवसांत तिथे माणसं जमतात. डिझेलचा धूर, पाइपांचा खणखणाट आणि बाजूला उकिडवे बसून सगळं न्याहाळणारे एक तरी आबा. माझी सगळी नोकरी अशा यंत्रांपाशी गेली. प्रत्येक गावात एक प्रश्न ठरलेला असायचा, ‘दादा, डोंगरमा काय सापडनं?’ सोनं? तेल? निदान पाणी तरी? दगड सापडला म्हटलं, की आबा हसायचे. दगड बघायला एवढा खर्च!

आज त्या दगडाबद्दलच बोलायचं आहे. साक्रीकडे गेलात तर ब्राह्मणवेलला पवनचक्क्या दिसतात, शिवाजीनगरला सौर पॅनेलांच्या रांगा दिसतात. दुपारी वीज भरपूर, आणि घरोघरी दिवे लागतात तेव्हा सूर्य मावळलेला. म्हणून सध्या उदंचन जलविद्युत प्रकल्पांची चर्चा आहे. डोंगरावर एक तलाव, खाली एक तलाव. दुपारच्या विजेवर पाणी वर चढवायचं, संध्याकाळी तेच खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. १०० युनिट घातले तर ७५-८० परत येतात, तेवढी तूट धरूनच हिशोब करायचा. घाटघरला असा २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे, त्याचं वीजगृह डोंगराच्या पोटात आहे.

आता ‘डोंगराच्या पोटात’ म्हणजे केवढं? नंदुरबारच्या श्रोत्यांना सरदार सरोवर सांगायला नको. अक्कलकुवा आणि धडगावची ३३ गावं त्या पाण्यानं पाहिली आहेत. तिथलं नदीपात्राकडचं वीजगृह म्हणजे सुमारे २१० मीटर लांब, २३ मीटर रुंद आणि ५७ मीटर उंच अशी गुहा. खडक आपल्याकडचाच, बसाल्ट, म्हणजे काळा पाषाण, आणि त्यात घुसलेला त्याचाच भाऊबंद डोलेराईट. खोदकाम चालू असताना तिथल्या भिंतींवरच्या शॉटक्रीटला, म्हणजे फवारलेल्या काँक्रीटला तडे गेले आणि जादा केबल अँकर, म्हणजे खडकात खोल रोवायचे पोलादी दोर, बसवून त्या आवराव्या लागल्या. आधी भोक पाडून खडक तपासायला लागणारा पैसा आणि नंतर गुहा सावरायला लागणारा पैसा यांची तुलना मी करत नाही. ज्यानं अर्धी विहीर खचलेली पाहिली आहे त्याला ती ठाऊक आहे.

आपला डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. एकावर एक भाकरी ठेवाव्यात तसे थर. विहीर खोदणाऱ्यांना हे थर आमच्याआधीपासून माहीत आहेत. सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, आणि मध्येच हाताला रंग लावणारा लाल गेरू. एक लाव्हा थंड झाला, त्याच्यावर माती तयार झाली, मग पुढच्या लाव्ह्यानं ती भाजली. तोच हा लाल थर. कोरडा असताना बरा, पाणी लागलं की फुगतो आणि सुटतो.

आणि हा सगळा साक्री-नंदुरबारकडचा हिशोब. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात बोअर घ्या, शेकडो फूट नुसती माती, वाळू आणि गोटे. सातपुड्याच्या कुशीत जमीन मोठ्या भेगेनं खाली गेली आणि तापीनं ती गाळानं भरली. चोपड्याजवळच्या उनपदेवच्या गरम पाण्यात तुम्ही हात घातला असेल, तर त्या भेगांची ऊब तुम्ही अनुभवली आहे. अशा ठिकाणी बोगद्याचं नाव काढण्याआधी दहा वेळा विचार करावा, हे माझं मत.

तर ड्रिलिंग. यंत्राच्या टोकाला हिऱ्याचे कण बसवलेलं पोकळ बिट असतं. ते गोल कापत जातं आणि आत दगडाची कांडी उरते, तिला कोअर म्हणतात. कांड्या लाकडी पेटीत क्रमानं मांडायच्या. दीड मीटर खोदाईत १० सेंटीमीटरपेक्षा लांब तुकडे किती, त्यांची बेरीज करून टक्केवारी काढायची. ९० आली तर खडक उत्तम, २५च्या खाली गेली तर जपून.

माझ्या उमेदवारीच्या काळात एका पेटीनं मला धडा दिला. रात्रपाळीची पेटी सकाळी उघडली, दीड मीटर अगदी काठोकाठ भरलेलं. मी खूश. पण दोन तुकड्यांची तोंडं जुळेनात. मग ड्रिलरची रोजवही पाहिली. त्यात शिसपेन्सिलीनं लिहिलेलं, ‘पाणी लाल.’ हेल्परला विचारलं, तर तो बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला, ‘साहेब, वीतभर जागा मोकळी ऱ्हायनी व्हती. पेटी भरेल बरी दिसस.’ कडेच्या ढिगातले काळे तुकडे त्यानं निवडून भरले होते. ठेकेदाराला तर पेटी भरलेलीच हवी असते, मोकळ्या जागेचे पैसे कापतात ना!

आम्ही शेजारीच दुसरं भोक घेतलं, दुहेरी नळीचं बॅरल लावून, म्हणजे आतल्या नळीत कांडी पाण्यापासून जपली जाते, आणि अगदी सावकाश. त्याच खोलीवर वीतभर लाल गेरू आला. पहिल्या भोकात तो, बिट थंड ठेवायला सोडतात त्या पाण्याबरोबर वाहून गेला होता. वीजगृहाच्या छतात हा थर आला असता, तर वरची फरशी सुटायला तेवढाच पुरे होता. कोअर हरवली तर त्या जागी लाकडाचा ठोकळा ठेवायचा आणि त्यावर खोली लिहायची, हा नियम मी पुस्तकात वाचला होता. कळला त्या दिवशी.

पण भोकाची एक मर्यादा आहे. ते उभं जातं, म्हणून आडवे थर त्याला बरोबर सापडतात. आपल्याकडे मात्र उभी भानगडही आहे. नंदुरबार, साक्री भागात रानातून दगडी भिंतीसारख्या सरळ टेकड्या धावतात, साधारण पूर्व-पश्चिम. ते डाईक, म्हणजे जुन्या भेगांतून वर येता येता थिजलेला लाव्हा. उभं भोक दोन डाईकच्या मधून सरळ खाली जाईल आणि तुम्हाला सांगेल, सगळं ठीक आहे. म्हणून काही भोकं तिरकी घ्यायची, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर डोंगरात आडवं शिरायचं. त्याला आम्ही ड्रिफ्ट म्हणतो, शोधबोगदा. जेमतेम दोन मीटर रुंद, तेवढाच उंच.

ड्रिफ्टमध्ये भूवैज्ञानिक कंदील आणि टेप घेऊन दोन्ही भिंती आणि छत यांचा नकाशा काढतो, खोकं उलगडून सपाट करावं तसा. प्रत्येक सांधा, म्हणजे खडकातली फट, त्याची दिशा, त्यात माती आहे की कॅल्साइटचं पांढरं खनिज. जॅक लावून खडक दाबायचा, किती दबला आणि सोडल्यावर किती परत आला ते मोजायचं. मला मात्र आत गेल्यावर आधी कान लावायची सवय. थेंब कुठे पडतो?

कारण डाईक हा पुष्कळदा पाण्याचा बांध असतो. एका बाजूची विहीर भरलेली आणि पलीकडची कोरडी, असं तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिलं असेल. त्या बांधाला बोगद्यानं भोक पडलं, तर पाणी नव्या वाटेनं निघून जाऊ शकतं. ड्रिफ्ट लहान असला, तरी झरा आटायला तेवढाही पुरू शकतो. भोकांतून दाबानं पाणी सोडून खडक किती पितो ते आम्ही मोजतो, पण तो डोंगरातला आकडा झाला. गावातल्या विहिरीचा आकडा आमच्या वहीत नसतो.

तेव्हा तुमच्या शिवारात यंत्र आलं, तर एक करा. दोरीला दगड बांधा, विहिरीच्या काठावर रंगानं खूण करा, आणि तिथून पाणी किती हात खाली आहे ते वहीत तारखेसह लिहा. दिवाळीला एकदा, आखाजीला एकदा. पाड्यावरचा झरा असेल तर त्याखाली हंडा ठेवा आणि भरायला किती वेळ लागतो ते लिहा. काम सुरू होण्याआधीची दोन वर्षं मिळाली तर फार उत्तम. ग्रामसभेत ती वही वाचून दाखवा, इतिवृत्तात नोंद करून घ्या. आणि कोअरच्या पेट्या दाखवा म्हणा. एखाद्या पेटीत लाकडी ठोकळा दिसला, तर तिथे किती खोलीवर काय हरवलं, तेवढं विचारा.

नमस्कार.