सहा गळ, एक पोकळ रॉड आणि उजनीची अळकूट

(पडद्यावर: टॉवेलचा क्लोजअप, मागे पंख्याचा आवाज)

हा टॉवेल आपला सोलापुरीच आहे, आणि त्यात अडकलेले हे सहा बारीक गळ माझे. सॅकमध्ये टॉवेल आणि रिग, म्हणजे हे सगळे गळ बांधलेली मासेमारीची लाईन, एकत्र कोंबली, एवढीच काय ती चूक. टॉवेलला ते धाग्यांचे वेढे असतात ना, एक गळ सोडवला की दुसरा घुसतो, दुसरा सोडवला की पहिला परत आत, शेवटी ब्लेडने टॉवेलच कापला. आई अजून बोलतीय.

तर या रिगला म्हणतात साबिकी. प्रकार जपानी आहे. एकच मेन लाईन, तिला वीतभराच्या आतल्या छोट्या छोट्या फांद्या, प्रत्येक फांदीला नखाएवढा गळ आणि गळावर चमकणारा माशाच्या कातडीचा तुकडा नाहीतर पीस, सगळ्यात खाली शिसं. पाण्यात सोडून हळूच वरखाली हलवायचं, छोट्या माशांना वाटतं काहीतरी बारीक खायचं तरंगतंय, की तोंड मारलंच.

आता एवढा कुटाणा कशाला? तर मरळीसाठी. मरळ कणकेच्या गोळीकडं ढुंकून पण बघत नाही, तिला समोर पळणारं काहीतरी पाहिजे. शिंगाळ्याचं पण तसंच. म्हणजे मोठा मासा धरायच्या आधी छोटा धरायचा, आणि तो पण जिवंत. लोक म्हणतात जाळं टाक की. पण बारीक आसाच्या जाळ्यात अळकुटीबरोबर, म्हणजे मला आमिषाला लागणाऱ्या त्या छोट्या माशाबरोबर, चिलापी-कटल्याची पिल्लं पण येतात, आणि मला आमिष पाहिजे फक्त आठ-दहा, त्यासाठी एवढं मारायचं मला तरी पटत नाही.

(पडद्यावर: रॉडचं टोक, अगदी जवळून)

आता या रॉडकडं बघा, बाहेरून एक पण रिंग नाही. कारण हा आतून पोकळ आहे, लाईन रीलमधनं निघते ती थेट नळीत शिरते आणि टोकाच्या या कर्ण्यासारख्या तोंडातनं बाहेर पडते. काम झालं की रील फिरवायचं, सहाच्या सहा गळ फांद्यांसकट आत नळीत जातात आणि शिसं तेवढं तोंडाशी अडकून बाहेर राहतं. बास. टॉवेलात अडकणं नाही, शर्टात नाही, हाताच्या बोटात नाही. ही रिग मुळात समुद्रातली, तिकडं फ्लोरिडाला बोटवाले सकाळी आधी हीच टाकून एका खेपेला चार-चार छोटे मासे काढतात आणि मग त्यांच्यावर मोठ्याची शिकार करतात, तर हलत्या बोटीवर, वाऱ्यात, हे सहा गळ उघडे फडफडायला लागले तर काय होत असेल विचार करा. हा रॉड बनवताना डोकं लावलंय ते गुंता टाळण्यावर, मासा धरण्यावर नाही. लाईन पहिल्यांदा ओवायची मात्र वैताग आहे, लांब तार आत घालून पलीकडनं ओढून घ्यावी लागते, पायजम्यात नाडी घालतात तसं.

तर हे सगळं घेऊन गेलो उजनीला. भीमेवरचं धरण, 1980 ला पूर्ण झालं, भरल्यावर 117 टीएमसी, सोलापूरपासून शंभरेक किलोमीटरच्या आत. आपल्या सोलापूरच्या नळाला जे पाणी येतं त्यातलं बरंचसं इथलंच.

पहिल्या तासात चमकणाऱ्या पिसांचा काही उपयोग झाला नाही, पाणी हिरवट, गढूळ, दिसणार काय त्यांना. मग प्रत्येक गळाला ज्वारीच्या दाण्याएवढी कणीक लावली आणि दोन अळकुटी एकदम आल्या. शेजारी एक मामा बसलेले, कळकाची काठी, एकच गळ, आणि तरंगायला जोंधळ्याच्या ताटाचं भेंड. ते एकेक काढत होते पण थांबत नव्हते. थवा खोल पाण्यात लांबनं जात असला की माझी रिग भारी, काठाच्या गवतात मात्र मामांच्या भेंडापुढं मी काहीच नाही. एकदा तर सहातले तीन गळ पाण्याखालच्या बाभळीलाच देऊन आलो.

(पडद्यावर: बादली, उन्हाची तिरीप)

पण खरी परीक्षा इथं, बादलीत. पकडणं एकवेळ जमतं, जिवंत ठेवणं अवघड, आणि ते पण आपल्या उन्हाळ्यात, 42-43 मध्ये. 25 अंशाच्या पाण्यात लिटरला साधारण 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 35 अंशाला 7 च्या आसपास, आणि गरम पाण्यात माशाला लागतो मात्र जास्त. म्हणून हा फिशटँकचा बॅटरीवरचा पंप, आणि ही गोठवलेली पाण्याची बाटली, झाकण घट्ट लावून तशीच बादलीत सोडायची, थोडा वेळ ठेवायची, काढायची. एकदम गार केलं तरी मरतात. मी मागच्या खेपेला शहाणपणा करून घरनं नळाचं पाणी नेलं होतं, सगळ्या अळकुटी आडव्या. उजनीचंच पाणी, पण क्लोरीन टाकलेलं.

आणि हात लावायचा नाही. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तोच त्याचं चिलखत, कोरड्या हाताने धरलं की तो निघतो आणि मासा थोड्या वेळात मान टाकतो. हे बघा, सायकलचा जुना आरा वाकवून आकडा केलाय. आकडा गळाच्या बाकात अडकवायचा, आकडा वर, लाईन खाली, गळ उलटा होतो आणि मासा आपल्याच वजनाने सुटून टपकन बादलीत.

मरळीच्या गळाला ओवताना वरच्या ओठातनं नाहीतर पाठीच्या पराच्या जरा मागनं, कणा वाचवून. कण्याला लागलं की आमिष पोहतच नाही, नुसतं लोंबतं.

सकाळी अकराला मामांनी रॉड मागून घेतला, तोंडाला डोळा लावून आत बघितलं, म्हणाले, "ह्यात दोरी हाय व्हय?" आणि रॉड सरळ उभा धरला. नळीत साठलेलं सगळं पाणी रीलजवळच्या भोकातनं त्यांच्या धोतरावर.

"गळतंय की ओ हे," म्हणाले.